गिदोन मास्तरांची बंद पेटी

नगरहून जामखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोरखळी नावाचं गाव आहे. त्या गावातल्या निम्म्या माणसांना स्वतःची सही करता येते, ती गिदोन घाटविसावे मास्तरांमुळे. मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे, रविवारी देवळात पोरांची शब्बाथ शाळा घ्यायचे, कुणी वारलं तर कबरस्तानात पुढं उभं राहून गीत उचलायचे आणि हंगामाच्या सणाला देवळाच्या आवारात लिलाव पुकारायचे. आवाज असा खणखणीत की देवळातलं गीत थेट एस. टी. च्या थांब्यावर ऐकू जायचं. पांढरा सदरा, पांढरी विजार, बोलणं मोजकं. गावात त्यांच्याबद्दल कुणी वावगं बोलत नव्हतं, आणि बोलावं असं काही नव्हतंही. एक पेटी सोडली तर.

पेटी पत्र्याची, हिरव्या रंगाची. ती पलंगाखाली असायची आणि तिची किल्ली मास्तरांच्या करगोट्याला. लग्न होऊन आलेल्या मेरीबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "अहो, त्या पेटीत काय आहे?" मास्तर म्हणाले, "शाळेचे जुने कागद." मेरीबाईंनी पुन्हा विचारलं नाही. बाईमाणूस पुन्हा विचारत नाही म्हणजे तिला पटलं असं धरून चालणारे नवरे जगात पुष्कळ आहेत. मास्तर त्यातलेच एक.

पेटीत भुतं होती. खुनी होते, दरोडेखोर होते, थडग्यातून बाहेर येणारे हात होते. सगळी इंग्रजी कॉमिक, अमेरिकेत छापलेली, पानोपानी रंगीत.

ती मास्तरांकडे आली त्याची गोष्ट अशी. स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांत मिशनकडे अमेरिकेहून गोरगरिबांसाठी जुने कपडे आणि कपबश्या भरून पिंपं यायची. गिदोन तेव्हा मिसरूड फुटलेला, मिशनच्या शाळेतला उमेदवार मास्तर होता आणि पिंपं उघडायचं काम त्याच्याकडे होतं. एका पिंपातल्या बश्या फुटू नयेत म्हणून चुरगाळलेल्या रंगीत पुस्तकांत गुंडाळल्या होत्या. मिशनच्या मडमेनं त्यातलं एक पान सरळ करून बघितलं, तर थडग्यातून वर आलेला हात. बाई पांढरीफटक पडली. म्हणाली, हे सगळं पाप बंबात घाल. गिदोननं इमानानं दोन पुस्तकं बंबात घातली. तिसरं घालण्याआधी सहज उघडलं. मग बंब विझला, मडमेला त्या दिवशी कोमट पाण्यानं आंघोळ करावी लागली, आणि गिदोनला जन्माचा नाद लागला.

चुरगाळलेली पानं त्यानं घरी नेली आणि कोळशाच्या इस्त्रीनं एकेक सरळ केली. प्रेतांच्या तोंडावरच्या सुरकुत्यासुद्धा गेल्या. तिकडच्या आयांनी पोरांच्या उशाखालून ही पुस्तकं ओढून काढली असावीत आणि बश्यांभोवती गुंडाळून सातासमुद्रापार धाडली असावीत, असा मास्तरांचा तर्क होता. त्या न बघितलेल्या आयांचे ते मनातल्या मनात आभार मानायचे.

बरीच वर्षं मास्तरांनी हा नाद एकट्यानं केला. पण एकट्यानं वाचलेली भुताची गोष्ट म्हणजे एकट्यानं खाल्लेलं पुरणपोळीचं जेवण. पोट भरतं, पण कशी झाली होती हे सांगायला कुणी नसतं. मग एकदा सायकल पंक्चर झाली आणि मास्तर कानिफनाथच्या दुकानात गेले. दुकानाच्या भिंतीवर, हवेच्या पंपाच्या वर, एक चित्र चिकटवलेलं. पडद्याआड बूट दिसतायत आणि खुर्चीत एक माणूस मान टाकून बसलाय.

"हे कुठं मिळालं रे?" मास्तरांनी आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं.

"भिंगारच्या रद्दीत, मास्तर. लष्करातल्या सायबांची रद्दी येती तिथं. टायरी गुंडाळाया आन्ली हुती." कानिफनाथ चाक फिरवत म्हणाला. "काय लिव्हलंय ते कळत न्हाई. पन त्यो मानूस मेलाय, आन् मारनारा पडद्यामागं हाय, येवढं कळतंय. बाकीची पुस्तकं आत ठिवल्याती. टाकवंना."

मास्तरांनी दुकानाचं दार लोटलं आणि तिथंच, वंगणाच्या डब्यावर बसून, पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. पंक्चर त्या दिवशी निघालं नाही.

दोघांना बसायला जागा हवी होती. ती मिळाली थांब्याजवळच्या छबूबाईच्या चहाच्या हाटेलात, मागच्या पडवीत. छबूबाई विधवा, एकटीच्या हिमतीवर हाटेल चालवणारी, जिभेनं तिखट. पहिल्या दिवशी म्हणाली, "मुडद्याच्या गोष्टी माझ्या चुलीपाशी नकोत." दोघं पडवीच्या टोकाला सरकले. थोड्या वेळानं चुलीपासून आवाज आला, "मंग त्या बाईचं फुडं काय झालं?" पुढच्या शनिवारी तिनं स्वतः बाक पुसून ठेवला होता.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की बैठक बसायची. भरदुपारी, लख्ख उन्हात. ही वेळ कानिफनाथसाठी होती. नाव कानिफनाथाचं, मढीच्या नाथाचं, ज्याच्या नावानं भुतं पळतात असं सगळा जिल्हा मानतो. पण या कानिफनाथचं तसं नव्हतं. दिवस मावळल्यावर भुताचं नुसतं नाव निघालं तरी तो पायखान्यालासुद्धा सोबत शोधायचा. छबूबाई त्याला यावरून इतकं चिडवायची की परक्याला वाटावं आता भांडण होणार.

मास्तर वाचायचे म्हणजे काय करायचे, तर सगळी अमेरिका उचलून नगर जिल्ह्यात आणायचे. डिटेक्टिव्हचा फौजदार व्हायचा, मुडदा सीनेच्या पात्रात सापडायचा, आणि बर्फ पडला की "त्या साली अशी थंडी पडली की" अशी सुरुवात व्हायची. अडलेल्या शब्दांचा अर्थ त्यांनी पानांच्या कडेला पेन्सिलीनं मराठीत लिहून ठेवला होता. ते वळण गावात कुणीही ओळखलं असतं. त्याच वळणावर गाव लिहायला शिकलं होतं.

आणि या बैठकीचा एक नियम होता. गोष्टीचं शेवटचं पान त्या दिवशी वाचायचं नाही. मास्तर टाचणी उकलून ते पान आधीच वेगळं काढायचे आणि आपल्या गीतांच्या पुस्तकात घालून ठेवायचे. तिथं त्याला कुणी हात लावायचं नाही, मास्तर स्वतःसुद्धा नाही. ज्या गोष्टींची पारायणं झाली होती त्यांचा शेवट मास्तरांना पाठ असायचा, तो भाग वेगळा. पुढच्या शनिवारी आधी ते पान, मग नवी गोष्ट. मधला अख्खा आठवडा खुनी कोण यावर वाद. कानिफनाथ चाकात हवा भरता भरता विचार करायचा, छबूबाई गिऱ्हाइकाला चहा देताना मास्तर दिसले की नुसती भुवई उडवायची. "शेवट आधी सांगनाऱ्याला माझ्या हाटेलात च्या न्हाई," असं तिनं जाहीर करून टाकलं होतं.

मग बहात्तर साल आलं आणि पाऊस आला नाही. बाजरी वीतभर वर येऊन करपली. सीनेत वाळू उडायला लागली. गावातली तरणी माणसं खडी फोडायला गेली, आणि पाणी ही एवढी एकच गोष्ट घराघरात बोलली जाऊ लागली. छबूबाईच्या हाटेलामागच्या आडाला तेवढं पाणी टिकून होतं. ती ते दागिन्यासारखं जपून वापरायची. त्यातच किराणा दुकानदार आप्पासाहेबांनी तिच्याशी वैर ओढवून घेतलं होतं. निवडणुकीची उरलेली रंगीत पत्रकं त्यांनी पुड्या बांधायला काढली, आणि गुळाला ओल सुटून पत्रकांचा रंग गुळात उतरला. अर्ध्या गावाच्या पोरांच्या जिभा निळ्या झाल्या, छबूबाईच्या अख्ख्या पातेल्यातला चहा गेला. तिनं ती ढेप आप्पासाहेबांच्या ओट्यावर नेऊन आपटली होती. त्यांच्यात बोलणं बंद होतं.

अशात दिवाळीनंतर हंगामाचा सण आला. मिशनच्या देवळात हा सण मोठा. ज्याच्या शेतात जे पिकलं त्यातलं पहिलं देवापुढं आणायचं. धान्य, कोंबड्या, भोपळे, शेळी. उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव. घ्यायला अख्खं गाव यायचं, ख्रिस्ती असो नसो. या वर्षी पिकलंच नव्हतं, तर आणायचं काय? आदल्या रविवारी नव्या पाळकांनी, रेव्हरंड योहानसाहेबांनी, उपदेशात तोड सांगितली. घरात जे जपून, कुलपात ठेवलं असेल त्यातलं काही आणा. आणि कुणापाशी पैसा नाही, तर बोली पाण्याच्या हंड्यांची करू. जिंकणाऱ्यानं तितके हंडे मिशनच्या बोर्डिंगात राहणाऱ्या पोरांच्या टाकीत नेऊन ओतायचे. सगळ्यांना ते पटलं. मास्तरांनीच देवळाच्या पायरीवरून ते सगळ्या गावाला ऐकू जाईल असं पुन्हा पुकारलं. "कुलपात ठेवलेलं काही आणा!"

सणाच्या दिवशी उपासना झाली, मास्तर नेहमीच्या ओट्यावर चढले. पितळी तांब्या गेला, दोन गोधड्या गेल्या. पाळकसाहेबांनी उत्साहाच्या भरात स्वतःचं गीतांचं पुस्तकसुद्धा लिलावात दिलं होतं, तेही गेलं. मास्तर रंगात आले होते. मग दोघी बाया एक हिरवी पत्र्याची पेटी दोन्ही बाजूंनी धरून घेऊन आल्या आणि मास्तरांच्या पायाशी ठेवली.

मास्तरांनी पेटीकडं बघितलं. मग मेरीबाईंकडं. मेरीबाई बायकांच्या रांगेत पदर सावरून उभ्या होत्या आणि जमिनीकडं बघत होत्या. मास्तरांचा हात आपोआप करगोट्याकडं गेला. किल्ली जाग्यावर होती. पेटी कुलपासकट आली होती.

आता करायचं काय? देवाला दिलेली वस्तू परत मागता येत नाही. पुकारणाऱ्यानं स्वतः बोली लावायची नाही, हा रिवाज आधी लिलाव पुकारणाऱ्या त्यांच्याच सासऱ्यांपासून चालत आलेला. आणि बंद वस्तू बंदच विकायची, घेणाऱ्यानं हवं तर उचलून बघावी, हवं तर विचारावं, पण पुकारणाऱ्यानं विचारणाऱ्याला खरं उत्तर द्यायचं. शेवटी देवळाचं आवार होतं. पेटी कुणाच्याही घरी जाऊन कुलूप तुटलं की झालं. प्रेतं, फास, सुरे, आणि कडेला शब्बाथ शाळेच्या मास्तरांचं अक्षर. शिवाय ती पानं पुन्हा दिसायची नाहीत. खरं सांगायचं तर याचंच दुःख मास्तरांना जास्त होत होतं.

गर्दीत कानिफनाथ होता. पेटीची कडी त्यानंच एकदा ठोकून दिली होती. त्यानं पेटी ओळखली, मास्तरांचा चेहरा बघितला आणि थांब्याकडं पळत सुटला.

"एक पेटी," मास्तर म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "बंद आहे."

आप्पासाहेब पुढं आले. त्यांच्या बैलगाडीवर पाण्याची टिपाडं होती, लांबच्या विहिरीवरून ते रोज पाणी आणायचे, त्यामुळं त्या दिवशीचे सावकार तेच. त्यांनी कडीला धरून पेटी उचलून बघितली. "वजन हाय की. काय हाय आत, मास्तर?"

"कागद," मास्तर म्हणाले.

"मंग बरंच हाय. पुड्यांना कागूद कुटं मिळतोय हल्ली. धा हंडे."

मास्तरांच्या डोळ्यांपुढं चित्र उभं राहिलं. प्रत्येक घरात एकेक पुडी, पुडीत शेंगदाणे, पुडीवर मुडदा, मुडद्याच्या कडेला आपलं अक्षर. एवढ्यात आवाराच्या फाटकातून छबूबाई आत आली. हाताला पीठ तसंच होतं. "अकरा," ती धापा टाकत म्हणाली.

सगळ्यांनी माना वळवल्या. भांडी विसळलेलं पाणी तुळशीला घालणारी छबूबाई, ही हंड्यांची बोली लावते?

"ईस," आप्पासाहेब.

"येकईस."

"तीस."

छबूबाईनं क्षणभर डोळे मिटले. आपल्या आडाचा तळ तिला दिसत असावा. "येकतीस," ती म्हणाली, जरा हळू.

"चाळीस." आप्पासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. गूळ ओट्यावर आपटल्याचं ते विसरले नव्हते.

छबूबाईनं हाताचं पीठ पदराला पुसलं. चाळीसच्या वर तिचा आड जात नव्हता. मास्तरांनी पुकारलं, "चाळीस हंडे, एकवार." मग ते खोकले. मग त्यांनी रुमाल काढला, घाम पुसला, रुमालाची नीट घडी केली. "चाळीस हंडे, दोनवार." यापुढं वेळ काढायला काहीच उरलं नव्हतं.

"मास्तर," छबूबाई म्हणाली, "येक इचारायचंय. त्यो कागूद साधा हाय का रंगीत?"

मास्तरांनी रुमाल खिशात घातला. मग त्यांचा खणखणीत आवाज परत आला.

"रंगीत! पानोपानी रंगीत आहे, छबूबाई. लाल रंग जास्त."

आधी बायका हसल्या. मग पोरं जिभा बाहेर काढून एकमेकांना दाखवायला लागली. आप्पासाहेबांच्या कपाळावर आठी पडली. निळ्या गुळाची आठवण गावात अजून ताजी होती, त्यात लाल गुळाची भर त्यांना परवडणारी नव्हती. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "माझी बोली मागं. जिला लाल च्या इकायचा तिनं घ्यावी पेटी." तिसरी हाक व्हायच्या आत बोली मागं घेता यायची, हाही रिवाजच होता.

आता पाळकसाहेबांनाच कुतूहल वाटलं. "रंगीत कागद कसले हो, मास्तर?"

विचारलंय, तर मास्तरांना खरं सांगणं आलं. "गोष्टी आहेत, साहेब. पाप करणाऱ्या माणसांच्या. शेवटच्या पानावर ज्यानं त्यानं केल्याचं फळ भोगलेलं असतं."

"वा," पाळकसाहेब प्रसन्न होऊन म्हणाले. "आणि अशा गोष्टींसाठी ही बाई या दिवसांत एकतीस हंडे पाणी देते!" त्यांनी सगळ्या मंडळीकडं बघून मान हलवली.

"एकतीस हंडे, तीनवार!" मास्तर असे ओरडले की चिंचेवरचे कावळे उडाले. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ते ओट्यावरच बसले. शेवटच्या गीताच्या वेळी पाळकसाहेबांनी हात पुढं केला, कारण त्यांचं पुस्तक विकलं गेलं होतं, आणि मास्तरांनी आपलं पुस्तक न बघता त्यांच्या हातात दिलं. गीत त्यांना पाठच होतं. असं मनापासून त्यांनी ते कधी म्हटलं नव्हतं.

कानिफनाथनं सायकलवर पेटी घातली आणि हाटेलाकडं नेली. मास्तर मागून निघाले, तर मेरीबाई त्यांच्या पुढं चालत होत्या. घराकडं नाही, हाटेलाकडं. पडवीत येऊन त्या छबूबाईसमोर उभ्या राहिल्या. चेहरा दगडासारखा.

"उघडा पेटी," त्या मास्तरांना म्हणाल्या. "माझ्यादेखत उघडा."

मास्तरांनी किल्ली काढली. कुलूप कुरकुरलं. वरच्याच पुस्तकावर एक सांगाडा हातात कंदील घेऊन उभा होता. मेरीबाईंनी ते उचललं, मग खालचं, मग त्याच्या खालचं. फास. सुरा. पडका बंगला. पार तळापर्यंत त्यांनी हात घालून बघितलं.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

"एवढंच," मास्तर म्हणाले. "मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. मडमेनं जाळायला सांगितलेली म्हणून..."

मेरीबाई बाकावर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. "मला वाटलं, कुणा बाईचं काहीतरी असेल," त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "लग्नाआधीचं. इतकी वर्षं त्या पलंगावर झोपले आणि खाली काय आहे म्हणून मनाशी झुरले. उघडून बघायची हिंमत होत नव्हती. म्हटलं, देवाच्या दारात जाऊ दे, तशीच बंद. सुटेन तरी. आणि मग या बाईनं एकतीस हंडे लावले, आणि मला वाटलं..."

छबूबाईला ते कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर ती कपाळावर हात मारून कानिफनाथच्या अंगावर रेलेपर्यंत हसली. "अवो बाई, या मास्तरापाशी भुताबिगर कुनी ऱ्हायल का," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली. मास्तर दोन बायकांच्या हसण्यात उभे होते. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मेरीबाई मिशनच्या शाळेत शिकलेल्या, इंग्रजी त्यांनाही बेतानं यायचं. चहा होईतो त्यांनी एक गोष्ट वाचायला घेतली. नेमकी आदल्या शनिवारची. घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा. कुणीतरी त्याचा खून करून त्याच्याच उंच लाकडी घड्याळात प्रेत कोंबतं. बंद पडलेलं ते घड्याळ रोज टोले द्यायला लागतं. घरात पुतण्या, वैद्य आणि नोकर जमलेले, मागं शेजारपाजार, आणि घड्याळाचं दार आपोआप उघडून आतून एक हात बाहेर येतो. बोट रोखलेलं. मेरीबाईंनी पान उलटलं. पुढं पान नव्हतं.

"बोट कुणाकडं आहे?"

"आमाला तरी कुटं म्हाईत," कानिफनाथ म्हणाला. "भिंगारहून नवंच आन्लं हुतं. मास्तरांनीबी बघितलं न्हाई अजून. पुतन्याकडं आसंल."

"शेवटचं पान मी वेगळं ठेवतो," मास्तर कौतुकानं सांगायला लागले. "आपल्या गीतांच्या पुस्तकात..." आणि ते थांबले.

दे माय धरणी ठाय. गीतांचं पुस्तक पाळकसाहेबांकडं होतं. आणि पाळकसाहेब जिल्ह्यातल्या पाळकांच्या सभेसाठी दुपारच्याच गाडीनं नगरला गेले होते.

आडात दिवसाला पाच-सहा हंडेच पाणी झिरपायचं, त्यामुळं तो अख्खा आठवडा मास्तरांनी पाणी वाहण्यात घालवला. हंडे छबूबाईच्या नावावर असले तरी पेटी चौघांची झाली होती. मास्तरांनी खांद्यावर कावड घेतली, कानिफनाथनं सायकलला डबे लावले, मेरीबाई छबूबाईबरोबर आडावर रहाट ओढायच्या. बोर्डिंगातली पोरं टाकीत वाकून पाणी वर येताना बघायची. लोक म्हणायचे, बघा, मास्तर स्वतः पोरांसाठी कावड वाहतात. मास्तर मान खाली घालायचे. चोराच्या मनात चांदणं. नगरची गाडी थांब्यावर थांबली की त्यांची कावड हिंदकळायची.

"काढतील तर काढतील शब्बाथ शाळेवरनं," मेरीबाई रात्री म्हणाल्या. "घरातून तर काढणार नाही ना मी." त्यावर मास्तरांना झोप लागली.

शनिवारी शेवटचा हंडा टाकीत पडला आणि चौघं पडवीत येऊन बसले. वाचायला मन कुणाचंच नव्हतं. एवढ्यात नगरची गाडी आली, आणि तिच्यातून उतरून पाळकसाहेब सरळ हाटेलाच्या मागच्या बाजूला आले. काखेत गीतांचं पुस्तक. डोळ्यांखाली काळं आलेलं.

मास्तर उठून उभे राहिले. कानिफनाथही. छबूबाईनं पेटीवर पोतं टाकलं.

"बसा, मास्तर," पाळकसाहेब म्हणाले. त्यांनी पुस्तक उघडलं आणि आतलं रंगीत पान दोन बोटांनी बाहेर काढलं. "सभेत मला गीत उचलायला सांगितलं. सगळ्या जिल्ह्याचे पाळक बसलेले. मी पुस्तक उघडलं, आणि हे."

मास्तर एक पाऊल पुढं आले. "साहेब, माझी चूक..."

"मी पुस्तक तसंच मिटलं आणि पाठ होतं ते गीत म्हटलं. तेही दुसरंच म्हटलं." पाळकसाहेब बाकावर टेकले. "मास्तर, तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. मी रागावलोय असं समजू नका. हे असं का झालं ते मला कुणीतरी सांगा. घड्याळात माणूस कसा आला? कुणी घातला? आणि ती पांढऱ्या कपड्यातली..."

"थांबा!" मास्तर ओरडले.

सगळ्या जन्मात मास्तरांनी पाळकाला मधेच तोडलं नव्हतं. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"शेवट सांगायचा नाही, साहेब," मास्तर हात जोडून म्हणाले. "इथं तसा नियम आहे. या बाईनं त्या पानासाठी एकतीस हंडे पाणी दिलंय."

पाळकसाहेबांनी छबूबाईकडं बघितलं, कानिफनाथकडं बघितलं, मेरीबाईंकडं बघितलं. मग हळूच हातातलं पान उलटं करून छातीशी धरलं, कुणाला दिसू नये असं. छबूबाईनं पेटीवरचं पोतं काढलं आणि कपात चहा ओतून पहिला त्यांच्यापुढं ठेवला.

"असू द्या त्ये तुमच्यापाशीच, सायेब," ती म्हणाली. "मास्तर पयल्यापासनं वाचत्याल. तुमची पाळी शेवटी."